तुम्ही विचारलंत म्हणून : वकिलीत जम कधी बसतो?

मुलाला किंवा मुलीला लॉला घालायचं ठरलं की आईवडील हमखास विचारतात, "वकीलसाहेब, जम बसायला किती वर्षं लागतात?" मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) पुढची पायरी ठाऊक असते : मंडळ अधिकारी, मग नायब तहसीलदार. बढती रखडेल, पण पुढचं पद कोणतं हे ठरलेलं असतं. सीएच्या मुलांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, २०२३ पासून तीनवरून दोन वर्षांवर आली, आणि किमान स्टायपेंड ठरलेला असतो. आमच्याकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली की कालचं पोरगंही कागदोपत्री पूर्ण वकील. काम मात्र कोणी देत नाही. जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई, त्यामुळे पक्षकार येणार तो कुणाकडून तरी ऐकूनच.

मग बढती ओळखायची कशी? सिनिअर काय सोपवतात त्यावरून. आधी बोर्ड (कोर्टातल्या त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघून तारखा डायरीत उतरवायच्या, नकलांचे आणि मुदतीचे अर्ज द्यायचे. मग दाव्याचा कच्चा मसुदा, जो लाल शाईने भरून परत येतो. आणि एके दिवशी साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना सिनिअर म्हणतात, "उलटतपास तू घे." माझ्या मते वकिली तिथे सुरू होते. पैसे त्यानेही वाढत नाहीत म्हणा! ते वाढतात पक्षकार सिनिअरांना सोडून तुमचं नाव विचारत आला की.

तोवर घर कोण चालवणार, हे कोणी विचारत नाही. चांगले हुशार ज्युनिअर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बँकेत नाहीतर कंपनीच्या लीगलला निघून जातात. ज्यांच्या घरी शेती आहे किंवा वडिलांचं चालतं ऑफिस आहे, ते टिकतात. याला गुणवत्ता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. कोर्टाच्या दृष्टीने अट रास्तच आहे, पण न्यायाधीश व्हायला निघालेल्यांनाही आता ती ओढगस्तीची वर्षं काढावी लागणार.

आकडा हवाच असेल तर पाच ते सात वर्षं धरा. आणि ऑफिस निवडताना महिन्याला किती देणार हे जरूर विचारा, पण तिथल्या ज्युनिअरला बाजूला घेऊन शेवटचा उलटतपास कधी घेतलास, हेही विचारा.