स्पिनरचे रिव्हेट का सुटले?

आजचा दिवस एका होमबिल्ट (मालकाने स्वतः बांधलेल्या) विमानाच्या स्पिनरमध्येच, म्हणजे प्रॉपेलरच्या मध्यावरच्या निमुळत्या टोपीतच गेला. ही टोपी मागच्या चकतीला, म्हणजे बॅकप्लेटला, स्क्रूने बसते; त्या स्क्रूंसाठी चकतीवर रिव्हेटने पक्के केलेले नट म्हणजे नटप्लेट. त्यांचेच रिव्हेट ढिले. प्रत्येक ढिल्या रिव्हेटपासून बाहेरच्या कडेकडे काळी रेघ गेलेली. बोटाला कोरडी भुकटी लागली तर ती ॲल्युमिनियम घासल्याची. चिकट लागलं तर ग्रीस किंवा तेल, तो वेगळा विषय.

कुठले रिव्हेट गेले ते आधी बघा. एकाच नटप्लेटचे दोन्ही तुटले असतील तर स्क्रू अडकलेला असताना कोणीतरी जोर लावलाय. गोलभर ढिले असतील तर स्पिनर डगमगतोय. मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) बंद करा, वरचे स्पार्क प्लग काढा, स्पिनरच्या टोकासमोर तारेचा काटा रोवा आणि प्रॉपेलर हाताने फिरवा. टोक काट्याजवळ येतं नि लांब जातं ते डोळ्यांना दिसतं. हे न करता नुसते रिव्हेट बदलले तर महिन्याभरात पुन्हा तीच भुकटी!

३/३२ इंची रिव्हेटचं फक्त डोकं ड्रिल करा, दांडा पंचने ठोका. भोक लांबट झालं असेल तर १/८ इंची घाला, पण कडेपासून अंतर व्यासाच्या दुप्पट उरतंय ना ते मोजून. इथे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने ओढून बसवायचे पोकळ रिव्हेट) नकोच. भोकाशी तडा दिसला तर बॅकप्लेट सरळ भंगारात.