तार दिसतेय

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीत रात्री व्हीसीआर लावायचे. एका वर्षी वरच्या मजल्यावरचा, बोटीवर कामाला असलेला दादा ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची कॅसेट घेऊन आला. सिनेमा १९५३ चा. आकाशातून पडलेल्या त्या धोंड्याचं झाकण आपोआप फिरायला लागलं, पांढरं निशाण घेऊन गेलेले तिघे जागच्या जागी भस्म झाले, आणि आम्ही पोरं सतरंजीवर एकमेकांना चिकटलो. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, “तार दिसतेय.”

बाबा शिवाजी मंदिरात नाटकांच्या बॅकस्टेजला असायचे. कुठलंही नाटक बघायला बसले तरी नजर पात्रांच्या डोक्यावर, स्पॉट कुठून मारलाय तिकडे. त्या रात्री मला त्यांची लाज वाटली, खरं सांगतो.

पुढे मीच त्या सिनेमाच्या मागे लागलो. एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या कादंबरीत मंगळवाले तीन पायांच्या यंत्रांतून फिरतात. निर्माते जॉर्ज पाल यांच्या माणसांनी पाय म्हणून विजेच्या ठिणग्या सोडून पाहिल्या, पण आग लागायची भीती. मग तांब्याची चपटी यंत्रं केली आणि वरून बारीक तारांवर टांगली. मंगळवाल्याची किंकाळी म्हणजे बाईची किंकाळी उलटी वाजवलेली, त्यात मायक्रोफोनवर घासलेला सुका बर्फ. हे सांगितलं तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “आम्ही पावसासाठी सुपात वाटाणे फिरवायचो,” म्हणाले. त्या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालंय हे ऐकून तर आपल्याच कंपनीतल्या कुणाला मिळाल्यासारखे खूश.

(२००५ मध्ये स्पीलबर्गने पाय परत आणले. भारी आहे, पण बाबा अर्ध्यातून उठले.)

डीव्हीडीवर तारा ढळढळीत दिसायच्या. जुन्या टेक्निकलर प्रिंटमध्ये त्या रंगात बुडून जायच्या, नंतरच्या प्रिंटांनी उघड्या पाडल्या. बाबा पॉज करायला लावून मोजायचे.

२०१८ मध्ये सिनेमा मूळ निगेटिव्हवरून पुन्हा झळझळीत करण्यात आला. तो परवा घरी लावला. लॉस एंजेलिस जळत होतं, बाबा चष्मा पुसून पुढे सरकले.

“तारा कुठायत रे?”

“पुसल्या, बाबा. कॉम्प्युटरवर.”

बराच वेळ काही बोलले नाहीत.

“मग टांगलंय कशावर?”