पट्टी कोणाच्या गळ्याची?

रविवारच्या उपासनेत हे दृश्य बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, दिसतं. पहिलं ध्रुवपद सगळे जोरात म्हणतात. अंतरा वर चढला की मागच्या बाकांवरचे आवाज विरत जातात, आणि तिसऱ्या कडव्याला माईकजवळचे चारपाच जण तेवढे गात राहतात. बाकीचे पुस्तकात डोळे घालून उभे. मग घोषणांच्या वेळी कोणीतरी म्हणतं, "मंडळीत उत्साह राहिला नाही." उत्साह जागेवरच असतो हो, पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' ज्या उंचीवर धरलाय ती, दोन स्वर वर गेलेली असते.

देवाने दिलेलं दान सेवेला लावायचं म्हणजे काय, हे मला पेटीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. पेटीवाल्याची बोटं त्याची असतात, पण गाणं ज्यांचं, गळा त्यांचा लागतो. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात (4:10) कृपादान मिळालेल्याला कारभारी म्हटलंय. कारभारी म्हणजे दुसऱ्याचा माल सांभाळून योग्य हाती पोचवणारा. तालंतांच्या दृष्टांतातही (मत्तय 25) तेच आहे: धनी परदेशी जाताना आपला पैसा दासांच्या हाती सोपवतो. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं, तर एकच तालंत मिळालेल्या त्या दासाने तब्बल 20 वर्षांची मजुरी जमिनीत पुरली. "मला एकच तर मिळालंय" असं म्हणणाऱ्याने हा हिशोब एकदा करावा. आपण रोज वापरतो तो टॅलेंट हा शब्दही याच दृष्टांतातून आलाय.

आता पेटीकडे. पांढरी दोन, काळी पाच ही पेटीवरच्या पांढऱ्या-काळ्या सुरांची नावं, प्रत्येक सप्तकात डावीकडून मोजलेली.

गाणं न शिकलेल्या, सर्व वयांच्या लोकांचा गळा साधारण दीड सप्तक चालतो. बायकांच्या आवाजात मंद्र (खालच्या) सप्तकातल्या पांढरी पाच-सहापासून तार (वरच्या) सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आणि पुरुषांचा त्याच्या एक सप्तक खाली. म्हणून गाणं हातात आलं की आधी त्याचा सर्वांत वरचा स्वर शोधायचा आणि तो पांढरी दोनवर बसवायचा. 'सा' त्यावरून आपोआप ठरतो. गाणं तार सापर्यंतच जात असेल तर सा पांढरी दोन. तार शुद्ध 'ग'पर्यंत जात असेल तर सा काळी पाच. तार 'म'ला स्पर्श करत असेल तर सा पांढरी सहा. मग खालचा स्वर तपासायचा. तो फारच खाली जात असला तर अर्धा स्वर वर घ्या, पण त्यापलीकडे नाही. सकाळी आठची उपासना असेल तर अजून अर्धा स्वर उतरा, झोपेतून उठलेले गळे तेवढे बसलेले असतात.

हे समजूनही बहुतेकजण करत नाहीत, कारण शिकताना सगळी गाणी एकाच पट्टीत बसवलेली असतात. पट्टी बदलली की बोटं अडखळतात आणि मग वादकाच्या सोयीसाठी दीडशे माणसं ताणून गातात. स्केल-चेंजर पेटी किंवा कीबोर्डचं पट्टी सरकवणारं ट्रान्सपोझ बटण हा तात्पुरता इलाज आहे. खरा इलाज कंटाळवाणा आहे: मंडळीत नेहमी होणारी दहा गाणी निवडा आणि प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांत बसवा. रोज अर्धा तास दिला तर दोनेक महिन्यांत जमतं. सेवा म्हणून देवापुढे काय आणलं असं कोणी विचारलं, तर हा रियाज आधी सांगावा, रविवारचं वाजवणं नंतर.

तबला साथीला असेल तर अजून एक अडचण येते. उजवा, म्हणजे तबल्यातला सुरात लावायचा भाग, दर गाण्याला नव्याने लावत बसता येत नाही, हातोडीची ठोकठोक प्रार्थनेत ऐकू जाते. उजवा पांढरी दोनला लावून ठेवला तर सा पांढरी दोनची गाणी जुळतातच. शिवाय सा पांढरी सहाला तोच स्वर मध्यम होतो आणि सा पांढरी पाचला पंचम, म्हणजे तिन्हीकडे तबला खुपत नाही. चार गाण्यांची यादी या तीन पट्ट्यांत बसवायची. त्यासाठी पाळकसाहेबांकडून यादी गुरुवारी मिळाली पाहिजे. शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीवर हे होत नाही. भांडायचंच असेल तर यावर भांडावं.

वाजवताना पहिली ओळ पेटीवर पूर्ण ऐकवा, भाता एकसारखा ठेवा आणि मंडळीने सूर धरला की आवाज कमी करा. दुसऱ्या कडव्यापासून पेटी मंडळीच्या आवाजाखाली राहिली पाहिजे. शेवटच्या कडव्याला हात उचलून बघा. गाणं चालू राहिलं तर तुमचं काम झालं. ओळींच्या मधल्या जागा हरकतींनी, म्हणजे सुरांच्या नक्षीने, भरू नका, तिथे लोक श्वास घेतात. साठीच्या पुढच्या माणसाला एका श्वासात एक चरण पुरतो, लय त्यावरून ठरवा. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की कर्ण्याचा आवाज अस्पष्ट निघाला तर लढाईला कोण तयार होईल (1 करिंथ 14:8). आपल्याकडे अस्पष्टपणा बहुतेक वेळा फार सुंदर वाजवण्यातून येतो.

मराठी मंडळीला याबाबत एक मोठं देणं आहे, नारायण वामन टिळकांचं. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोवर इथल्या मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं बरीच चालत. त्या चालीचा जोर एका अक्षरावर पडतो आणि मराठी शब्दाचा वजनदार भाग दुसरीकडेच राहतो, म्हणून गाताना शब्द तुटतात. टिळक आधीच कवी होते. त्यांनी आपली कविता अभंगात, ओवीत, भजनात ओतली. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. असे साचे अक्षरओळख नसलेल्या बाईच्याही कानात जात्यावरच्या ओव्यांपासून मुरलेले होते. एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा ती म्हणू शकते. आजही नवं गाणं शिकवायचं तर भजनी ठेक्यातलं एखादं दोनदा, आपण पुढे आणि लोक मागून असं, म्हणून घेतलं की बसतं. सात-आठ ओळींच्या लांब ध्रुवपदाला तीन रविवार जातात. तरुण संघाने महिन्याला एकच नवं गाणं आणावं. दर आठवड्याला नवं आणलं की वडीलधारी मंडळी प्रेक्षक होतात.

उपासनेबाहेर हेच दान जास्त लागतं आणि तिथे ते कमी पोचतं. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला गेलात तर पेटी नको, टाळ्या नकोत. आधी सिस्टरला विचारा. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही विचारा, तो कोणत्याही धर्माचा असो. पायथ्याशी घोळका करून उभं राहू नका. एकाने उशाजवळ स्टूलवर बसावं, म्हणजे आजाऱ्याला मान न वळवता चेहरा दिसतो. बोलण्याच्या आवाजाच्या पट्टीतच सुरू करा, दोन कडवी पुरेत, सगळं मिळून पाचसात मिनिटं. नाकात ऑक्सिजनची नळी असलेल्याला "म्हणा ना आमच्याबरोबर" असा आग्रह नको, त्याचे ओठ हलले तरी तो गातोय. पैलतीराची, स्वर्गाच्या दाराची गाणी आपण होऊन निवडू नका. त्याने मागितलं तर जरूर म्हणा. विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसाकडे गेलात तर गाण्याचे जुने शब्द म्हणा, नव्या आवृत्तीतले नकोत. नाव न आठवणारी आजी लहानपणीचं कडवं अनेकदा पूर्ण म्हणते, पण एक शब्द बदललेला असला तर तिथेच अडकते.

कबरस्तानात उलटी चूक होते. मोकळी जागा, रडं दाटलेलं, सुरुवात करणारा घाईत उंच सूर धरतो आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यांचा गळा बसतो. मोबाइलवर स्वर ऐकवणारं ॲप ठेवा आणि उपासनेतल्यापेक्षा पूर्ण एक स्वर खाली सुरू करा.

राहिला माणसाचा प्रश्न. वीस वर्षं एकटाच वाजवणारा भाऊ मंडळीला वरदान वाटतो, तो आजारी पडेपर्यंत. बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या 25 व्या अध्यायात मंदिरातल्या गायनासाठी 288 जण नेमलेत, बारा-बारांच्या 24 पाळ्या, आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून, गुरू-शिष्य, लहान-मोठा न बघता. आपल्या मंडळीत 288 नसतील, तीन तरी हवेत. शब्बाथशाळेतल्या (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या) दोन मुलांना महिन्यातून एक गाणं वाजवू द्या, रविवारीच आणि सगळ्यांसमोर. चुकतील. चुकल्यावर शेजारी बसलेल्या मोठ्याने पेटी ओढून घ्यायची नाही, तोंडाने सूर धरायचा, गाणं निभावून जातं.

आणि पुस्तकात गाण्याच्या क्रमांकाशेजारी पट्टी व ठेका लिहून ठेवा: "काळी पाच, केरवा". शिसपेन्सिलीने लिहा, पेनाने नको. काही वर्षांनी त्याच बाकांवरचे गळे उतरतात आणि ते खोडून तिथे "पांढरी सहा" लिहावं लागतं.