चौथी रफही बसली

बसली म्हणजे खाली बसली. 1939 च्या चित्रपटात बेटी डेव्हिस या नटीने साकारलेल्या इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीची बाहुली मी करतेय. मागच्या वेळी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की एलिझाबेथचा घेर झाला, चोळीसारखं ते बॉडिस झालं, आता उरली फक्त रफ, म्हणजे गळ्याभोवतीची ती चुण्याचुण्यांची ताठ कॉलर, दोन रविवारांचं काम. त्याला आज सात आठवडे झाले.

आधी गणित सांगते, म्हणजे दुखणं कळेल. बाहुली 30 सेंमीची, एक-सहांश मापाची. तिचा गळा 7 सेंमी. मलमलीची 60 सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद पट्टी घेतली, काठाला बारीक गोट घातली आणि इंग्रजी 8 च्या आकाराच्या 50 चुण्या पाडून ती सगळी त्या 7 सेंमीत कोंबली. म्हणजे गळ्याशी एकेक चुणी दीड मिलिमीटरसुद्धा नाही. धाव दोऱ्याच्या दोन ओळी, दोन्ही एकदम ओढायच्या. एक ओळ मागे राहिली की चुण्या तिरक्या पडतात आणि पुन्हा उसवायचं. हे जमलं. दुसऱ्या फेरीत जमलं, आणि त्या रात्री मी चहासुद्धा उभ्यानेच प्यायले, इतकी खूश होते.

घोडं अडलं ते खळीत.

पहिली रफ साबुदाण्याच्या खळीची. आत्याने शिकवली: दाट शिजवायची, फडक्यातून गाळायची, कापड बुडवून पिळायचं नाही, नुसतं निथळायचं. मग 3 मिमीची स्टीलची विणायची सुई तव्यावर तापवून एकेका चुणीत घालायची, दहा सेकंद धरायची. लंडनच्या धोबिणीही तापलेल्या सळ्यांनी हेच करायच्या. 1564 मध्ये डिंगेन व्हान डर प्लासे नावाची फ्लेमिश बाई तिथे आली आणि खळ करायला पैसे घेऊन शिकवू लागली. आमची आत्या त्या काळात असती तर थेम्सकाठी वाडा बांधला असता तिने.

संध्याकाळी रफ कडक, पांढरीशुभ्र, अगदी चाकासारखी. सकाळी भिजलेल्या पापडासारखी. रात्रभर पाऊस होता, आणि खळ हवेतलं पाणी शोषते हे मी जुलैत, पुण्यात बसून विसरले होते. 1583 मध्ये फिलिप स्टब्ज या कर्मठ गृहस्थाने खळीला सैतानाचं पाणी म्हटलं आणि पावसात या रफांची कशी दैना होते याची यथेच्छ टिंगल केली. वाचून तेव्हा हसले होते.

दुसरी तांदळाच्या पेजेची. तीही तशीच गेली, फक्त एक दिवस उशिरा. तिसऱ्या वेळी पांढरा गोंद पाण्यात कालवून लावला. उभी राहिली, पण दिव्याखाली अशी चकाकते की राणीने प्लॅस्टिकची बशी घातली आहे असं वाटतं. चौथीसाठी पुन्हा साबुदाणा, पण खळ दुप्पट दाट, आणि रफ बंद डब्यात. झाकण नीट लागलं नव्हतं. झुरळांनी पुढच्या बाजूच्या सहा-सात चुण्या काठापासून कुरतडल्या, उरलेल्या दमटपणाने मान टाकून बसल्या.

मध्येच वैतागून कापडच बदलावं म्हणून सिल्क ऑर्गन्झा (पातळ पण मुळातच ताठ रेशमी कापड) आणायला गेले. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "प्युअर आहे मॅडम." घरी दोन धागे जाळले, काळी कडक गोळी झाली. रेशमाची राख बोटात चुरते. तेव्हा दुकानातच चार इंचांचा तुकडा मागून घ्या आणि आधी जाळून बघा, मग मीटर सांगा.

आता आनंदाची बातमी. परवा भाऊ गळ टाकायला निघाला होता, त्याच्या डब्यात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा दिसला, पाव मिलिमीटरचा. काठाच्या गोटेत खळीऐवजी हाच घातला तर? रिळाचा पीळ राहू नये म्हणून गरम पाण्यात ताणून ठेवला, मग गोट वळताना आत घेत गेले. दहा चुण्यांचा नमुना केला आणि काय सांगू, काठ स्वतःहून आठाचा आकार घेतो! खळ नाही, चकाकी नाही. तीन दिवस खिडकीत ठेवलाय, बाहेर धो धो पाऊस, नमुना ताठ. फक्त टोकं बोचतात, आणि ती मेणबत्तीवर वितळवताना एका चुणीला भोक पडलं.

म्हणजे पाचवी रफ तंगुसाची, असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता त्या कुरतडलेल्या चौथीकडे पाहतेय. नुकसान नेमकं पुढच्या बाजूला आहे. चित्रकार मार्कस गेरार्ट्सने साधारण 1592 मध्ये काढलेल्या, डिचली नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रात राणीची रफ पुढून उघडीच आहे, मागे पंख्यासारखी उभी. त्या काळी असल्या रफेला मागून तारेचा आधार द्यायचे. तो तांब्याच्या तारेचा करता येईल, मोटार वाइंडिंगवाल्याकडे तुकडे मिळतात. कुरतडलेलं कापून टाकायचं, उरलेल्याची गोट उसवून तंगूस घालायचा. नवी पट्टी शिवायलाच नको.

आकार मात्र लहान करणार नाही. 1939 च्या त्या चित्रपटाच्या, 'द प्रायव्हेट लाइव्ह्ज ऑफ एलिझाबेथ अँड एसेक्स'च्या वेळी दिग्दर्शक मायकेल कर्टिझला वेशभूषाकार ऑरी-केलीचे घेर आणि रफा फार अवाढव्य वाटल्या. बेटी डेव्हिस सांगायची की मग चाचणीपुरता लहान मापाचा दुसरा संच शिवला, आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाला ती मूळचेच कपडे घालून उभी राहिली. एकतिसाव्या वर्षी साठी उलटलेली राणी करायला कपाळावरचे केस भादरून घेतलेली बाई ती, ती कसली ऐकतेय. (ऑरी-केलीला त्यासाठी ऑस्कर का नाही, असं कुणीतरी विचारलं होतं. वेशभूषेचं ऑस्करच 1948 च्या चित्रपटांपासून सुरू झालं.)

1955 मध्ये डेव्हिसने हीच राणी पुन्हा केली, तिची दुसरी बाहुली करायचा बेत होता. तो पुढे ढकलला. आधी तार. 26 गेजची पुरेल की जरा जाड, 24 ची घेऊ? ज्यांनी उभी कॉलर केली आहे त्यांनी सांगा, शनिवारी वाइंडिंगवाल्याकडे जाणार आहे.