स्लिपवे मॉडेल: डॉग शोर बसला

मंडळी, या वेळी जहाजाला हातच लावला नाही, सगळा वेळ स्लिपवेवर, म्हणजे जहाज पाण्यात सोडायच्या उतारावर गेला. १:१०० चं मॉडेल आहे. उतार २० ला १. पंचवटीतल्या सुताराकडच्या सागवानी तुकड्यांचा, जहाज धरून ठेवणारा पाळणा केलाय. त्याखाली पट्ट्यांचे थर दोन: खालचा पक्का बसवलेला, वरचा पाळण्यासकट सरकणारा.

जलावतरण म्हटलं की आपल्याला नारळ आणि टाळ्या आठवतात, पण खरी गंमत त्याआधी असते. बांधताना जहाजाचा भार कण्याखालच्या ठोकळ्यांवर असतो. पाळण्यात पाचरा ठोकून तो सरकत्या पट्ट्यांवर घ्यायचा, मग ठोकळे आणि टेकू एकेक करून काढायचे. शेवटी उरतो डॉग शोर. दोन्ही बाजूंना एकेक आखूड धिरा, एक टोक सरकत्या पट्टीच्या खुंटीला, दुसरं पक्क्या पट्टीच्या. हे दोन्ही एकदम पाडले की जहाज सुटलं. पकडून ठेवणाऱ्या आकड्याला, खिळीला इंग्रज कारागीर डॉग म्हणत, त्यावरून हे नाव. आपण नाही का बंदुकीला घोडा बसवला! पुढे मोठ्या जहाजांसाठी हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे ट्रिगर आले.

माझा धिरा बांबूचा, आगकाडीहून जरा जाड. टोकं चौकोनी ठेवली तर भाराखाली असा आवळतो की निघता निघत नाही. खालचं टोक पॉलिशपेपरने किंचित गोल केलं की टिचकीसरशी उडतो.

वंगणाने मात्र डोकं खाल्लं. टायटॅनिकच्या स्लिपवेवर चरबी-साबण मिळून सुमारे २२ टन वंगण होतं, आणि ३१ मे १९११ ला जहाज ६२ सेकंदांत पाण्यात. मॉडेलवर ग्रीस उलटं वागतं. लांबी शंभरपट घटवली की वजन दहा लाखपट घटतं, पट्टीचं क्षेत्रफळ दहा हजारपटच. म्हणजे दाब एक शतांश, आणि ग्रीसचा चक्क डिंक होतो. नाशिकच्या थंडीत तर विचारूच नका. मेणबत्ती घासून वर कॅरमची पावडर टाकली, आता झकास सरकतं.

सगळीच जहाजं अशी उतारावरून जात नाहीत. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांची ‘मिंडेन’ ही युद्धनौका १८१० साली डंकन या सुक्या गोदीतून बाहेर पडली. सुक्या गोदीत पाणी आत घ्यायचं, जहाज आपसूक तरंगतं. सोपं आहे, पण बघायला मजा नाही.

आता टबातली चाचणी. मागचा भाग आधी तरंगतो तेव्हा सगळा भार पाळण्याच्या पुढच्या टोकावर येतो, तिथे लाकूड चेपतंय का ते बघायचंय. तिथे टिकलं तरच गंगापूर धरणात सोडायचं. बारीक रेषांचं जुनं सागवान कोणाकडे पडलं असेल तर कळवा.