तुम्ही विचारलंत म्हणून: लांब पल्ल्याचे नवे स्केट्स

‘जुने इनलाइन (एका ओळीत चाकं असलेले) स्केट्स झिजले. शर्यतीत उतरायचं नाही, पण व्यायाम म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर एका लयीत मारायचे आहेत. आता सरळ मोठ्या चाकांचे घेऊ का?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. माझं उत्तर चाकांपासून नाही, बुटापासून सुरू होतं. चाकं पुढे बदलता येतात. घोट्याला चावणारा बूट मात्र लांब पल्ल्यात दर किलोमीटरला जास्तच चावतो.

आधी जुन्या स्केट्सचं नेमकं काय गेलंय ते बघा. चाकं फक्त आतल्या कडेने झिजली असतील तर नवी चाकं पुरतात. बेअरिंग तर जवळपास सगळीकडे ६०८ याच मापाचं असतं, त्यामुळे चांगलं असेल तर ते नव्या चाकांतही बसतं. पण आतलं लायनर दबून सैल झालं असेल, नाड्या आवळूनही टाच उचलली जात असेल, तर बूट संपला.

नवा बूट संध्याकाळी घालून बघा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोजे पातळ हवेत. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकला पाहिजे. टाच हलता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घट्ट बूट घेऊ नका आणि आरामाच्या नावाखाली एक माप मोठाही नको. मोठ्या बुटात पाय घसरतो, फोड येतात. बूट घालून अर्धा तास घरातच थांबा. एकाच जागी टोचत असेल तर रस्त्यावर तिथेच दुखणार. काही बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. घोट्याचं हाड बाहेर आलेल्यांनी असाच बूट शोधावा, असं मला मनापासून वाटतं.

आता चाकं. ८० मिलिमीटरचं चाक एका किलोमीटरला साधारण ४००० वेळा फिरतं, ११० चं २९०० वेळा. मोठं चाक खडबडीत रस्त्यावरून सहज जातं आणि घेतलेला वेग टिकवतं. पण ते वेग घ्यायला वेळ लावतं, आणि पाय जमिनीपासून उंच गेल्यामुळे घोट्यावर ताण येतो. एका पायावर सरळ रेषेत निवांत घसरत जाता येत असेल तर तीन ११० ची चाकं खुशाल घ्या. घोटा आत पडत असेल तर चार ९० ची बरी. १२५ ची घाई नको.

बेअरिंगवरच्या एबेक आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. तो घडणीतली अचूकता सांगतो, वेग नाही.

फ्रेम, म्हणजे बुटाखाली चाकं धरून ठेवणारा सांगाडा, मात्र सुटी होणारी आणि आडवी सरकणारी हवी. घोटा आत झुकत असेल तर ती थोडी आतल्या बाजूला सरकवली की बराच फरक पडतो. फ्रेम बुटाला जोडणाऱ्या बोल्टमधलं अंतरही विचारून घ्या: १६५ मिलिमीटरच्या बुटावर १९५ ची फ्रेम बसत नाही, आणि तीन बोल्टची पद्धत त्याहून निराळी. पुढे चाकं मोठी करायची झाली तर हेच आड येतं.

आणि टाचेचा ब्रेक. वेगाच्या बऱ्याच स्केट्सना तो नसतो. उतारावर दुसऱ्या पद्धतीने खात्रीने थांबता येत नसेल, तर ब्रेक बसवता येईल अशीच फ्रेम घ्या.