मागच्या चार कॉइल : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं तेव्हा कामं ठरलेली असायची. डायनामो, सेल्फ, वायपरची मोटर, आणि प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसिडर मिसिंग करायला लागली की डेल्को (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटून देणारा भाग), प्लग आणि कॉइल. प्लगला ठिणगी पाडण्याइतकं व्होल्टेज देते ती कॉइल; तेव्हा ती म्हणजे बोनेटखाली पट्टीत आवळलेला एक डबा, आत तेल भरलेलं. प्लग मायकोचे आणि कॉइल चेन्नईच्या लुकास-टीव्हीएसची, एवढं गिऱ्हाइकालाही पाठ होतं. उन्हाळ्यात घाट चढताना कॉइल तापून गाडी बंद पडली की ड्रायव्हर डब्यावर ओलं फडकं टाकायचे, पाच-दहा मिनिटं थांबायचे आणि पुढं निघायचे. ती गाडी दुसऱ्या दिवशी आमच्याकडं यायची. तोवर कॉइल गार झालेली असायची आणि ठिणगी झकास पडायची. आण्णा तरीही लगेच निकाल द्यायचे नाहीत. इंजिन अर्धा तास चालू ठेवायचे, डब्याला हात लावून बघायचे आणि मगच बोलायचे. "गार कॉइल कधी खरं सांगत नाही," हे त्यांचं वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकलंय.

हे वाक्य मी विसरलो, आणि त्याची किंमत एका भल्या माणसानं मोजली. आमच्या धंद्याची गोष्ट खरं तर तिथूनच सुरू होते.

मी दुकान हातात घेतलं तेव्हा पद्मिनी कमी होत चालल्या होत्या. वाइंडिंगचं काम आटलं, म्हणून आम्ही स्पेअर पार्टमध्ये उतरलो. २००३ साली आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनानं आमचं दुकान बदललं, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही. चार सिलिंडरच्या त्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल. म्हणजे एका गाडीत आठ! गाडी मायलेजला चांगली, इंजिन दणकट, त्यामुळं लोक ती विकायला तयार नसतात. पण दहा-पंधरा वर्षांनी कॉइल जायला लागल्या, आणि कंपनीच्या काउंटरवर आठ कॉइलचा आकडा ऐकून माणूस गप्प व्हायचा. मग तो बाहेरचा माल शोधत आमच्याकडं यायचा.

या गाडीची एक खोड सांगायला हवी. एक कॉइल मेली तरी त्याच सिलिंडरचा दुसरा प्लग पेट्रोल पेटवतो, त्यामुळं गाडी चालत राहते. पिकअप जरा कमी, सिग्नलला उभी असताना थरथर, मायलेज थोडं घसरलेलं, बस. मालक म्हणतो गाडीचं वय झालं. गॅरेजवाला इंजेक्टर साफ करतो, थ्रॉटल बॉडी साफ करतो. पुढच्या चार कॉइल हाताशी असतात, त्या बदलल्या जातात. मागच्या चार काचेच्या बाजूला आहेत. तिथं हात घालायचा तर वायपर आणि त्याखालची जाळी काढावी लागते, म्हणून त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. पहिल्या दिवसापासून मागचे प्लग कधीच न निघालेल्या गाड्या आम्ही उघडल्यात. प्लगच्या टोकांमधला गॅप इतका वाढलेला की करंटला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि त्या ताणानं कॉइलचं इन्सुलेशन आतून फुटतं. दोष प्लगचा आणि जीव कॉइलचा.

मी दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून चाळीस कॉइल मागवल्या. खोका चकचकीत, होलोग्राम, कनेक्टर अगदी तसाच. एकेक लावून बघितली, गाडी मऊ चालली. मी खूश. एका निवृत्त सरांच्या सिटीत आठही नवीन टाकल्या. दीड महिन्यानं ते कुटुंबासह रत्नागिरीला गेले. परतताना साखरप्यावरून आंबा घाट चढायला लागले, पाऊस, संध्याकाळची वेळ, गाडी भरलेली, एसी चालू. निम्म्या घाटात गाडी आचके द्यायला लागली. तीन कॉइल गेल्या होत्या, त्यातल्या दोन एकाच सिलिंडरच्या, म्हणजे तो सिलिंडर पूर्ण बंद. मागं ट्रकची रांग, पुढं धुकं. कसेबसे वर आंब्याला पोचले आणि रात्र तिथंच काढली.

सर दुकानात आले ते ओरडायला नाही. काउंटरवर तीन कॉइल ठेवल्या आणि म्हणाले, "बाळ, नातवंडं होती गाडीत." मला वर बघता आलं नाही. त्यांचे सगळे पैसे परत दिले, आणि विकलेल्या प्रत्येक कॉइलच्या मालकाला फोन करून बोलावून घेतलं. ज्या व्यापाऱ्याकडून माल घेतला होता त्यानं हात वर केले. उरलेला माल मी विकला नाही.

त्यातली एक कॉइल मी व्हाइसमध्ये धरून हेक्सॉ ब्लेडनं उभी कापली. शेजारी गाडीतून निघालेली, बारा वर्षं चाललेली मूळची मेलेली कॉइलही कापली. कॉइलचं काम साधं असतं. जाड तारेचे काही शे वेढे, केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे, मधे लोखंडी पट्ट्यांचा गाभा. जाड तारेतला करंट तोडला की बारीक तारेत बारा व्होल्टचे वीस-तीस हजार होतात. एवढं व्होल्टेज आवरून धरतं ते सगळ्याभोवती ओतलेलं इपॉक्सी. जुन्या कॉइलमधलं इपॉक्सी काचेसारखं गच्च होतं. नव्यात भाकरीसारखी भोकं. गरम झालं की त्या भोकांच्या वाटेनं ठिणगी आतल्या आत पळते आणि प्लगपर्यंत पोचत नाही. गाभ्याच्या पट्ट्याही कमी, तळहातावर दोन्ही घेतल्या तर वजनातला फरक डोळे मिटून कळत होता. दोन्ही अर्धे तुकडे आजही काउंटरच्या काचेखाली आहेत.

त्यानंतर आम्ही कॉइल गरम करून तपासायला लागलो. या कॉइलमध्ये करंट तोडणारा इग्नायटर आतच असतो, त्यामुळं मल्टीमीटर लावून फारसं काही कळत नाही. पुतण्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. त्यानं पल्स देणारं सर्किट बांधलं, तीन मिलिसेकंदांच्या आसपास करंट भरायचा आणि तोडायचा. एका जुन्या ओव्हनमध्ये नव्वद अंशांवर कॉइल दोन तास सतत ठिणगी पाडत ठेवतो. समोर मोजून लावलेला गॅप. ठिणगी निळी, जाड, टक-टक एकसारखी हवी. पिवळट आणि बारीक झाली, ताल चुकला, की ती बाजूला. तारेला करंट मोजणारा क्लॅम्प लावून स्कोपच्या पडद्यावर करंटचा चढही बघतो. उभा सुळका दिसला तर आत वेढे शॉर्ट आहेत. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या बारा मेकच्या कॉइल आम्ही अशा तापवल्या. दोन तास टिकल्या त्या मोजक्याच.

त्यातून मालाची जी वाट सापडली ती मी सगळ्यांना मोकळेपणानं सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गाडीतली पहिली कॉइल काढून तिच्या अंगावरचं नाव आणि नंबर वाचा. गाडीची कंपनी सहसा स्वतः कॉइल बनवत नाही, ती बनवणारा वेगळा असतो. बऱ्याचदा तोच बनवणारा तीच कॉइल स्वतःच्या खोक्यात बाजारात देतो, आणि ती गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. ते नाही मिळालं तर डेन्सो, एनजीके, बॉश यांच्या यादीत आपल्या इंजिनचा नंबर शोधा आणि अधिकृत वितरकाच्या बिलावरच घ्या, कारण याच नावांची नक्कल सगळ्यात जास्त होते. कनेक्टर बसला म्हणजे कॉइल तीच, असं अजिबात नाही. पिनांचा क्रम वेगळा निघाला तर कॉइल जातेच, कधी ईसीएमही, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरही, घेऊन जाते.

आणि एक कळकळीची विनंती. वायर उपसून बॉडीजवळ धरून ठिणगी बघायची जुनी सवय या गाड्यांवर चालवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ते व्होल्टेज आत परततं आणि इग्नायटर मारतं. संशय असेल तर ती कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग तिच्याबरोबर सरकलं तर कॉइल खराब, जागेवरच राहिलं तर प्लग, इंजेक्टर, कम्प्रेशन बघा.

आता आम्ही चौघं आहोत. प्रत्येक कॉइलवर पेननं नंबर कोरतो, बिलावर सहा महिन्यांची हमी लिहितो, आणि वहीत गाडी, साल, प्लग कधी बदलले हे टिपतो. आय-डीएसआयला मागच्या चार न उघडता कॉइल लावून देत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळं परत जातात, जाऊ देतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली. ती भरून गाडी ठेवणारा माणूस ती मनापासून ठेवतो, आणि तोच आमचं गिऱ्हाईक. सांगली, बेळगाव, सावंतवाडीला पार्सल एसटीनं जातं. गोव्याच्या गाड्यांना खाऱ्या हवेनं कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, म्हणून तिकडं जाणाऱ्या कॉइलबरोबर नवा कनेक्टरही पाठवतो. सरांच्या सिटीत नंतर तापवून-तपासून लावलेल्या आठही कॉइल अजून चालू आहेत. ते दर गणपतीत रत्नागिरीला जातात, आणि निघायच्या आधी गाडी आमच्याकडं दाखवतात.

सध्या अडलंय ते ओपेल कोर्साचं. २००६ साली ओपेल भारतातून गेली, आणि तिच्या कॉइल पॅकसाठी, म्हणजे एकाच ठोकळ्यात बसवलेल्या कॉइलसाठी, ओव्हनमध्ये दोन तास टिकणारा माल आम्हाला अजून मिळालेला नाही. चार जणांना आम्ही "नाही" म्हणून सांगितलंय, पण त्यांचे नंबर वहीत आहेत. कुणाकडं कोर्साचा मूळचा पॅक पडून असेल, मेलेला असला तरी, भंगारात घालू नका. एसटीनं आमच्याकडं पाठवा, भाडं आम्ही देऊ. कापून बघायचाय.